पकडीतला जोर आणि न्याय

माजी कसोटीपटू संजय बांगर मूळचे बीडचे, म्हणजे आपल्या मराठवाड्याचे. त्यांची अनाया मुलगा म्हणून वाढली, मुंबईत क्लब क्रिकेट खेळली. पुढे उपचार घेऊन ती स्त्री म्हणून जगू लागली आणि २०२४ साली तिने हे उघडपणे सांगितले. त्याआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ठरवले होते की, जी व्यक्ती पुरुष म्हणून वयात आली, तिला नंतर कोणतेही उपचार घेतले तरी महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळता येणार नाही. अनायाने आपले दुःख जाहीरपणे बोलून दाखवले. तिने कोणाचा अपराध केला नव्हता, तरी दार बंद झाले.

क्रिकेटमध्ये दोघींच्या मध्ये निदान चेंडू असतो. कबड्डीत अंगाला अंग भिडते. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा एक जण धरते, दुसरी मांडीला मिठी मारते, तिसरी मागून येऊन कोसळते. उद्या मुरुमच्या किंवा उमरग्याच्या महिला संघात अनायासारखी खेळाडू आली, तर आपण काय म्हणावे?

आधी हे पाहू की, महिलांचा गट वेगळा का केला. कबड्डीत पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, स्त्रियांचे १२ बाय ८. याला कोणी भेदभाव म्हणत नाही. असा वेगळा गट होता म्हणूनच धाराशिवच्या सारिका काळे खो-खोत देशाच्या कर्णधार झाल्या आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. वयात येताना मुलाची उंची वाढते, खांदे रुंदावतात, हाडे मजबूत होतात. संप्रेरकांच्या उपचारांनी रक्तातले हिमोग्लोबिन चार महिन्यांच्या आत स्त्रियांच्या पातळीवर येते. स्नायूंची ताकद मात्र फार सावकाश उतरते, आणि हाडांची लांबी उतरतच नाही. वजनकाट्यावर दोघी सारख्या भरल्या तरी पकडीतला जोर सारखा भरेल असे नाही. रग्बी म्हणजे तर विलायती धरपकडच. तिच्या जागतिक संघटनेने २०२० मध्येच महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी असा नियम केला.

कोणी म्हणेल, स्त्रियांतही एखादी धिप्पाड असतेच की! असते. पण ज्या फरकासाठी गट वेगळा केला, तोच फरक गटात आणणे निराळे. मैदानात उतरणारी मुलगी दुखापतीचा धोका पत्करते, तो बरोबरीच्या अंगांमधला. तिचा गुडघा गेला, तर "पोरींना कशाला हवा असला खेळ" म्हणायला माणसे टपलेलीच असतात. म्हणून मोठ्या मुलींच्या आणि स्त्रियांच्या कबड्डीपुरते आमचे उत्तर "नाही" असे आहे.

हे "नाही" मैदानाच्या रेषेपर्यंतच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीत त्यांना अर्ज करू देण्यास राज्य सरकारला भाग पाडले, ते योग्यच झाले. भरतीच्या अर्जाने कोणाचा गुडघा मोडत नाही. दहा वर्षांच्या पोरांच्या खेळातही हा वाद आणू नये, कारण त्या वयात हा फरक नसतोच म्हटले तरी चालेल.

आणखी एक भीती आहे. तमिळनाडूची शांती सौंदरराजन वीटभट्टीवरच्या मजुरांची मुलगी. २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरचे रौप्यपदक जिंकले आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले. ती पारलिंगी नव्हती, जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढली होती, तरी देशभर तिच्या देहाची चर्चा झाली. आमच्या "नाही"चा आधार घेऊन उंच, राकट आवाजाच्या मुलीकडे बोट दाखवणाऱ्याला तिथेच गप्प करावे. तपास लागलाच, तर तो डॉक्टरांनी, स्पर्धेआधी आणि बंद दाराआड करावा.

आमच्या उत्तराने अनायासारख्यांना खेळायला जागा मिळत नाही, हे उरतेच. उपचारांनंतर पुरुषांच्या संघात जाऊन खेळ म्हणणे हेही सोपे नाही. जलतरणाच्या जागतिक संघटनेने २०२३ मध्ये बर्लिनला खुला गट ठेवला, त्यात एकही नाव आले नाही. कबड्डीच्या संघाला सात जण लागतात. जत्रेच्या सामन्यांत सर्वांसाठी असा एक संघ उभा करायचा, तर पहिली काही नावे आपल्याच तरुणांना द्यावी लागतील.