तपासणीत न सापडलेले दुखणे



"सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तुला काही झालेले नाही." हे वाक्य आपल्या घरोघरी बोलले जाते. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा दिलासा देण्याचाच असतो. ऐकणाऱ्याचा हात मात्र तसाच दुखत राहतो. त्याने पुढे तपास करीत राहावे की गप्प बसावे? घरच्यांनी विश्वास कोणावर ठेवावा, कागदावर की माणसावर? डॉक्टरांनी आपले काम केल्यानंतर उरणारा हा प्रश्न साक्षीचा आणि गुमानाचा आहे, म्हणून तो दीनचा प्रश्न आहे.

खामगाव-मलकापूरकडच्या बाजारात पोती वाहणारी माणसे आपण रोज पाहतो. अशाच एका हमालाने मला नमाजनंतर मसला विचारला. तकबीरसाठी किंवा दुआसाठी हात उचलले की मानेपासून कळ निघते, करंगळी व शेजारचे बोट बधिर होते, हातातली वस्तू गळून पडते. मानेचा एमआरआय झाला होता, नसांची तपासणी झाली होती; दोन्हींत काहीच निघाले नव्हते. घरी त्याला कामचुकार म्हणू लागले होते. हात न उचलता नमाज होईल काय, एवढेच त्याला विचारावयाचे होते. उत्तर सोपे आहे. तकबीरच्या वेळी हात उचलणे सुन्नत आहे. ज्याला जमत नाही त्याने जमेल तितके उचलावेत, नमाज होते. पण त्याच्या आवाजात जी लाज होती, तिचे उत्तर इतके सोपे नव्हते. पुढे काही महिन्यांनी एका डॉक्टरांनी त्याला समोर बसवले, दोन्ही हात वर धरून तीन मिनिटे मुठी उघडझाप करावयास सांगितले. मिनिटभरातच त्याचे हात खाली आले. 'थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम' हे नाव त्याने तेव्हा प्रथम ऐकले.

मान संपून हात सुरू होतो तेथे, कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये एक अरुंद वाट आहे. हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या तिच्यातून जातात. जन्मतः असलेली जादा बरगडी, मानेला बसलेला जुना मार, खांद्यावरचे ओझे किंवा हात सतत उंच धरून करावयाचे काम यांमुळे ही वाट आवळली, की दुखणे हातात उमटते. बहुतेक रुग्णांत नसाच दाबल्या जातात, आणि नेमका हाच प्रकार तपासण्यांना हुलकावणी देतो. यंत्रात रुग्ण हात अंगाशी ठेवून निजलेला असतो. नस आवळली जाते ती हात उचलल्यावर. नसांतून जाणाऱ्या विजेचे मोजमापही पुष्कळदा ठीक येते. म्हणून निदानाचा मुख्य आधार रुग्णाची हकीकत आणि डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी हाच राहतो. (हात सुजून निळा पडला, किंवा थंड व पांढरा पडला, तर तो रक्तवाहिनीचा मामला समजावा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.)

हकीकत विचारण्याचे महत्त्व जुन्या तबीबांना ठाऊक होते. दुसऱ्या शतकातील गॅलेन, ज्याला अरबीत जालीनूस म्हणतात, याच्याकडे एक विद्वान आला. त्याची करंगळी, शेजारचे बोट आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला होता. इतर वैद्य बोटांनाच लेप लावीत होते. गॅलेनने विचारले, कधी मार लागला होता काय? तेव्हा कळले, की तो गाडीवरून पडून खांद्यांच्या मध्ये पाठीवर आपटला होता. गॅलेनने बोटे सोडून मानेच्या मुळाशी उपचार केला. ९व्या शतकात बगदादमध्ये हुनैन बिन इसहाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलेनचे ग्रंथ अरबीत आणले. मुस्लिम तबीबांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या, आणि अर्‌-राझी यांच्यासारख्यांनी गॅलेनच्या चुकाही दाखविल्या.

आता आपल्याच जिल्ह्यातील ताजी गोष्ट आठवा. २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. संशय पाण्यावर गेला, बुरशीवर गेला. दिल्लीहून तज्ज्ञ आले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांचे आणि रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून घेतले व गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. यातील एक बाब मला विचारात पाडते. कारण कळलेले नसतानाही केस गळतच नाहीत असे कोणाला म्हणता आले नाही, कारण टक्कल डोळ्यांना दिसत होते. हमालाचा हात वरून धडधाकट होता. कारण दोघांचेही अज्ञात होते. खोटा मात्र हमाल ठरला.

शाबानच्या २९ तारखेला आभाळ भरून आले आणि चंद्र दिसला नाही, तर आपण चंद्र उगवलाच नाही असे म्हणत नाही. दिसला नाही, एवढेच म्हणतो. शिवाय हनफी फिकहप्रमाणे अशा ढगाळ संध्याकाळी एका विश्वासू माणसाने पाहिल्याची साक्ष दिली, तर अख्खे गाव रोजे सुरू करते. एकाच्या शब्दावर इतका मोठा फर्ज उभा राहतो, आणि आपल्या घरातील माणसाच्या शब्दावर एक दुखणे उभे राहू शकत नाही?

आजारीपणाच्या सवलतींतही शरीअत दुखणाऱ्याचा शब्द मोलाचा मानते. आजार वाढण्याच्या भीतीने रोजा सोडता येतो. त्यासाठी फुकहांनी रुग्णाचा स्वतःचा अनुभव, दिसणारे लक्षण किंवा जाणकार तबीबाचे सांगणे, यांपैकी एकही आधार पुरेसा मानला. आदरणीय इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याध होती. त्यांनी नमाजबद्दल विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) पुरावा मागितला नाही, उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, असे सांगितले. अबू दाऊद यांच्या संग्रहात दुसरीही घटना आहे. प्रवासात डोक्याला दगड लागून जखमी झालेल्या एकाला गुसलची गरज पडली. तयम्मुम चालेल काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी आहे, तुला सवलत नाही, असे ते म्हणाले. त्याने स्नान केले आणि तो मेला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते अत्यंत संतापले, माहीत नव्हते तर विचारले का नाही, हा त्यांचा सवाल होता. त्या सोबत्यांचा हेतू वाईट नव्हता, हे ध्यानात घ्या.

मात्र हीच कसोटी रुग्णालाही लागते. "मला दुखते" ही त्याची साक्ष आहे, तेथे तोच प्रत्यक्षदर्शी. "मला अमुकच रोग आहे" हा मात्र गुमान. मनगटात दबलेली नस, मानेतील सरकलेली गादी, मधुमेह यांनीही बोटे बधिर होतात. हात उचलून करावयाच्या काही चाचण्या तर निरोगी माणसातही सदोष येतात. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, ही कुरआनच्या १७व्या सूरहमधील ताकीद दोन्ही बाजूंना आहे. मोबाइलवर सापडलेल्या नावाचा हट्ट धरून बरगडी काढण्याच्या शस्त्रक्रियेची मागणी करणे हा शोध नव्हे. बहुतेकांना आधी फिजिओथेरपीच सांगितली जाते, आणि ती नेटाने करावी लागते.

आणखी एक वाट आपल्याकडे लवकर धरली जाते. सैलानीला दूरदूरचे लोक 'बाहेरचे' झाले म्हणून आजारी माणसे घेऊन येतात. जिन्न आहेत हे आपण मानतो. पण रिपोर्ट कोरा आला म्हणून जिन्न सिद्ध होत नाही; ज्या तर्काने हमाल खोटा ठरला तोच तर्क येथे उलटा चालविला जातो. दम करावा, दुआ मागावी, आणि डॉक्टरांची पुढची तारीखही चुकवू नये.

सर्वांत जास्त अन्याय घरातील सुनांवर होतो, असे मला वाटते. कापूस वेचणारी, शिलाई मशीनवर वाकणारी, हंडे उचलणारी सून हात दुखतो म्हणाली, तर ते कामाचे निमित्त ठरते. तिने सब्र करावा, असे सांगितले जाते. सब्र म्हणजे मुके होणे नव्हे. आदरणीय अय्यूब (अलै.) यांनी आपला त्रास अल्लाहपुढे बोलून दाखविला, तरी कुरआन त्यांना सब्र करणारे म्हणतो. प्रेषितांनीही (स.) डोके दुखत असता तसे तोंडाने सांगितले, हे बुखारीत आहे.

मग शोध कोठवर चालवावा? बहुतेक फुकहांच्या मते उपचार करणे इष्ट आहे, पण बरे होण्याची खात्री नसेल तेथे तो फर्ज नाही. पैसे संपले, शरीर थकले आणि रुग्ण थांबला, तर तो गुन्हेगार नाही. पण थांबण्याचा निर्णय त्याचा असावा, सासूचा किंवा भावाचा नव्हे. एका स्त्रीला झटके येत. ती प्रेषितांकडे (स.) आली. इच्छा असेल तर सब्र कर, तुला जन्नत आहे. इच्छा असेल तर मी बरे होण्याची दुआ करतो, असे त्यांनी तिच्यापुढे ठेवले. तिने सब्र निवडला. मग म्हणाली, झटक्यात माझे अंग उघडे पडते, ते पडू नये एवढी दुआ करा. प्रेषितांनी (स.) तशी दुआ केली.