बुडालेले जहाज आणि कवीचा अलंकार

संसार हा सागर, नाम ही नौका, सद्गुरू हा नावाडी. ही रूपके कीर्तन-प्रवचनांतून आपल्या कानांवर बालपणापासून पडत आली आहेत. तेथे नौका हे उपमान असते. परंतु कवी प्रत्यक्ष बुडालेल्या जहाजावर लिहू लागला म्हणजे हा क्रम उलटतो. जहाज उपमेय होते आणि त्याला साजेसे उपमान कवी शोधू लागतो. जेथे माणसे मेली तेथे अलंकार शोधावा काय, हा प्रश्न मग केवळ साहित्यशास्त्राचा उरत नाही. तो नीतीचा होतो.

दोन इंग्रजी कवितांचे उदाहरण घेऊ. १५ एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ जहाज अटलांटिक महासागरात बुडून सुमारे १,५०० माणसे प्राणांस मुकली. पुढच्याच महिन्यात लंडन येथे आपद्ग्रस्तांच्या साहाय्यार्थ झालेल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत थॉमस हार्डी याची या विषयावरील कविता छापली गेली. जहाज आणि हिमनग ही नियतीने एकमेकांसाठी वाढविलेली वधूवरे, असे तिचे रूपक आहे. समुद्रतळी ऐश्वर्याचे आरसे किड्यांच्या वाटेत पडले आहेत. मानवी गर्वाचा एवढा कठोर धिक्कार विरळाच. परंतु मृतांचा तीत उल्लेखही नाही. हे मौन आदराचे आहे, असे कोणी म्हणेल. तरीही जहाजाच्या पोटात भट्टीत कोळसा लोटणाऱ्या मजुराला कसला गर्व होता, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दुसरी कविता जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या ख्रिस्ती धर्मगुरूची. डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलांड’ हे जहाज थेम्स नदीच्या मुखाबाहेरील वाळूच्या दांड्यावर रुतले. मृतांमध्ये जर्मनीतील कायद्यांमुळे परागंदा झालेल्या पाच जोगिणी होत्या. त्यांच्या श्रद्धेत कवीला अर्थ सापडतो; पण तो तेवढ्यावर थांबत नाही. पापनिवेदनाचीही संधी न मिळता बुडालेल्या इतरांचे काय, या विचाराने तो कळवळतो. मग, हे वादळ म्हणजे ईश्वराची सुगी तर नव्हे ना, असे तो देवालाच विचारतो. रूपक येथे प्रश्नाच्या रूपाने येते.

आमच्या मते अलंकार स्वतः दोषी नाही. मृतांचा आकडा कळतो, पण मनाला भिडत नाही. एकाचे दुःख सर्वांचे व्हावे यासाठी काव्याला प्रतिमेचा आधार घ्यावाच लागतो. आपल्या शास्त्रकारांनी यालाच साधारणीकरण म्हटले आहे. मात्र श्रोत्यांत त्या बुडालेल्या मजुराची विधवा बसली आहे असे समजून कवीने आपले रूपक उच्चारून पाहावे. नियतीचा विवाह तिच्यापुढे मांडणे कठीण आहे. सुगीचा प्रश्न मांडता येईल, कारण त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक तिला राहते.

हीच कसोटी आपणांसही लागू आहे. कोणाच्या घरी अपमृत्यू घडला असता ‘प्रारब्ध’, ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपण सहज उच्चारतो. तीही रूपकेच आहेत. ती स्वतःच्या दुःखावर घालण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. दुसऱ्याच्या दुःखावर घालताना मात्र आवाज थोडा खाली असावा.