बसऱ्याला गेलेली माणसे

रोह्यातील एक अभ्यासू गृहस्थ गेल्या वर्षी एका व्याख्यानात म्हणाले की, महायुद्धांत लढलेले आपले आजे-पणजे हे इंग्रजांचे भाडोत्री शिपाई होते, आणि त्यांच्या पलटणी नि पदके धुंडाळणे ही गुलामीची हौस आहे. टाळ्या पडल्या. ज्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी पलटणीतल्या आजोबांची तसबीर टांगलेली आहे, असेही काही जण टाळ्या वाजवत होते. मी त्याच दिवशी ठरवले, याला उत्तर द्यायचे.

पहिल्या महायुद्धातला शिपाई महिना अकरा रुपयांवर गेला. पगारासाठी गेला, हे कबूल. पण इंग्रजांचा पगार त्या काळी कोण घेत नव्हते? मामलेदार घेत होता, मास्तर घेत होता, कोर्टातला शिरस्तेदारही घेत होता. आपल्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याचे भूषण असलेले चिंतामणराव देशमुख 1918 साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले, त्याचा आपल्याला केवढा अभिमान! त्यांना कुणी भाडोत्री म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग हा विशेषणाचा आहेर फक्त बंदूक धरणाऱ्या कुणब्यासाठी, मराठ्यासाठी, महारासाठीच का राखून ठेवला आहे? आणि टिळकांचे काय करणार? 1918 साली त्यांनी गांधीजींकडे 50,000 रुपयांचा चेक पाठवला होता. हिंदी लोकांना लष्करात अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून 5,000 माणसे उभी करतो, नाही केली तर हे पैसे दंड समजा, अशी ती पैज. गांधीजींनी चेक परत केला. ते स्वतःही त्याच वर्षी गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. नेत्याने भरतीला पाठवले तर ते राजकारण आणि शिपाई भरती झाला तर ती लाचारी, हा न्याय माझ्या डोक्यात शिरत नाही.

जुलै 1944 मधला एक योगायोग मला नेहमी छळतो. त्या महिन्यात अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे युद्धानंतरच्या जगाची पैशाची घडी बसवण्याची परिषद चालू होती. भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर देशमुख होते. युद्धखर्चापोटी ब्रिटन भारताचे शंभर कोटी पौंडांहून अधिक देणे लागणार होते, आणि ते पैसे बुडू नयेत यासाठी आपली माणसे तिथे झगडत होती. परिषद भरात असताना, 10 जुलैला, याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशिनगनवर एकटे धावून गेले. त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले होते किंवा जखमी होऊन पडले होते. त्यांनी हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठार केले, आणि मग लपून बसलेल्या निशाणबाजाच्या गोळीने ते पडले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मिळाला नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. 2023 साली मोंतोने या इटलीतल्या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले. पौंडांचा हिशेब आपण पैपैसह मांडला आणि तो बरोबरच होता. माणसांचा हिशेब मात्र देणेकऱ्याने मांडला नाही आणि घेणेकऱ्यानेही मागितला नाही.

आता त्या गृहस्थांचा दुसरा मुद्दा. तो जास्त टोचणारा आहे, कारण त्यात तथ्य आहे. त्यांनी इतिहासाचार्य राजवाड्यांचा दाखला दिला आणि विचारले, तुमच्याकडे अस्सल कागद कुठे आहेत? राजवाडे हे माझेही दैवत. माणूस गावोगाव हिंडला, माळ्यांवरचे, अडगळीतले, वाळवीने अर्धे खाल्लेले दप्तर त्याने जमवले, 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे एकामागून एक असे 22 खंड काढले, 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. एका माणसाने एवढे काम करावे आणि पुढच्या पिढ्यांनी त्यावर नुसते पोट भरावे! पण राजवाडे कागद शोधत फिरत होते तेव्हाच पुणे डिव्हिजनच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, बसऱ्याच्या बाजूला उतरल्या होत्या. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी कूत-अल-अमारात अडकल्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळजवळ पाच महिन्यांचा वेढा. खायला घोड्याचे मांस उरले, ते धर्मासाठी कित्येक हिंदी शिपायांनी बरेच दिवस टाळले. शरणागतीनंतर सुमारे 13,000 माणसे तुर्कांच्या कैदेत गेली आणि वाळवंटातल्या पायपिटीत हजारो मेली. पेशव्यांच्या खलित्यांसाठी जीव टाकणाऱ्या त्या पिढीतल्या संशोधकांना कैद्यांची पत्रे, मनिऑर्डरीच्या पावत्या, पलटणीतून आलेली तार हे इतिहासाचे साधन वाटले नाही. राजवाड्यांची पद्धत दप्तर असलेल्यांचा इतिहास लिहिते. तिला मी दोष देत नाही. पण दप्तर नसलेल्यांना त्याच पद्धतीचा सोटा दाखवून गप्प करणे, हा राजवाड्यांचाच अपमान आहे.

शिवाय कागद नाहीत, हे अर्धेच खरे. पंजाबच्या सुमारे 3,20,000 शिपायांची 1919 साली केलेली गावनिहाय रजिस्टरे लाहोरच्या संग्रहालयात शतकभर पडून होती, ती आता संगणकावर येत आहेत. आपल्याकडे तसे घबाड हाती नाही. आपल्याला सरळ तलाठ्याकडे जावे लागते. गावच्या मृत्यू-रजिस्टरात बसऱ्याला मेलेला माणूस सापडत नाही, कारण तो गावात मेलाच नाही. तो सापडतो फेरफारात: अमुक मयत, वारस पत्नी, मुलगा अज्ञान, पालनकर्ता चुलता. कधी मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी ही नोंद पडते. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहायची आणि मग दर्भ-पळसाचा पुतळा करून पालाशविधी उरकायचा, ही आपली जुनी रीत. तो विधी त्र्यंबकेश्वरी झाला असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीतही मागमूस लागू शकतो. परदेशी नोंदींत शोधायचे तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी आहे. तिथे रायगड टाकून काही मिळणार नाही, हे नाव 1981 चे. कुलाबा टाकावे लागते, आणि मग मुंबईतल्या कुलाब्याशी गल्लत होते ती निस्तरावी लागते.

पण फेरफार कुणाचा निघतो? ज्याच्या नावे जमीन होती त्याचा. कुलाबा हा खोतीचा मुलूख. खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाचा मुलगा बसऱ्याला मेला तर फेरफाराला कारणच नव्हते. इथे मला माझ्याच पक्षाशी भांडावे लागते.

घराण्याचा शोध घेणारे हल्ली पुष्कळ झाले आहेत. त्यांचे सगळे आजोबा सुभेदार असतात. कुणाचाच आजोबा खेचरे हाकत नव्हता, पखाल वाहत नव्हता, भटारखान्यात भाकऱ्या थापत नव्हता. जहाजाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकताना पाणतीराने बुडालेल्या खलाशांना तर शोधायला कुणी जातच नाही. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशी गृहात दोन्ही युद्धांतल्या अशा मृतांचे स्मारक आहे, पहिल्यात 2,000 हून अधिक, दुसऱ्यात 6,000 हून अधिक. कोकणपट्टीतल्या किती जणांनी ते पाहिले असेल? 1917 साली इंग्रजांना माणसे कमी पडली तेव्हा 111 महार पलटण उभी राहिली. गरज सरताच मोडली. ती पुन्हा उभी राहावी म्हणून बाबासाहेबांना 1941 पर्यंत झगडावे लागले. ज्या माणसाला शिपाईगिरीने प्रथमच गावात ताठ चालता आले, त्याला भाडोत्री म्हणणाऱ्याला इतिहासातले काहीच कळलेले नाही. पण त्याचे नाव आपल्या जातीच्या मिरवणुकीपुरते वापरणाऱ्यालाही फारसे कळलेले नाही.

आणि सर्वांत मोठी अडचण वेगळीच. एकोणीस-वीस वर्षांचा, अविवाहित मुलगा मेला. त्याला नातू नाही, पणतू नाही. त्याला शोधायला कोण येणार? नातवंडांनी आजोबा शोधायचे हा कार्यक्रम नेमका त्यालाच वगळतो ज्याचे सगळेच गेले. म्हणून 'माझे पणजोबा' ही हाक मला आता पुरेशी वाटत नाही. 'आमच्या गावचे किती' असे विचारायला हवे.

बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली आणि हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे टाकले. मेसोपोटेमियातल्याच अमारा शहरातल्या हिंदी स्मशानभूमीत सुमारे 5,000 दफने आहेत, ओळख पटलेली नऊ. 2021 साली वॉर ग्रेव्हज कमिशनच्या समितीने कबूल केले की साम्राज्याच्या निदान 1,16,000 मृतांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो. साम्राज्याने तुच्छतेने नावे गाळली, आपण अभिमानाने गाळली. आमच्या रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांना पोलीस आजही सशस्त्र सलामी देतात, आणि ते मला आवडते. वीराला सलामी देण्याची रीत रोह्याला शिकवावी लागत नाही.

तेव्हा रोहा, तळा, माणगाव, महाड इथल्या मास्तरांना आणि ग्रामसेवकांना विनंती: कमिशनच्या यादीत कुलाबा जिल्हा आणि आपले गाव शोधा, निघतील ती नावे बापाच्या नावासकट, जात न पाहता, शाळेच्या भिंतीवर लिहा. आणि वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत जुन्या पेटीत चांदीचे गोल पदक मिळाले तर सोनाराकडे नेण्याआधी त्याची कड उजेडात धरा. तिथे नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या.