धबधबा, क्षण आणि कृष्णधवल छायाचित्र

वाहत्या पाण्याचे छायाचित्र घेणाऱ्याला प्रत्येक वेळी एक निर्णय घ्यावाच लागतो, तो म्हणजे शटर किती वेळ उघडे ठेवायचे हा. आणि हा निर्णय निव्वळ तांत्रिक दिसत असला तरी त्याच्या मुळाशी भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वादविषय केलेला एक प्रश्न उभा आहे. जे क्षणाक्षणाला बदलते, त्याला ‘तेच’ म्हणण्याला आधार कोणता? साताऱ्याजवळचे ठोसेघर श्रावणात पाहून गेलेला प्रवासी भाद्रपदात पुन्हा तेथे येतो आणि आपण तोच धबधबा पाहत आहोत असे निःशंकपणे म्हणतो, तेव्हा त्याने पूर्वी पाहिलेल्या पाण्याचा एक थेंबही तेथे उरलेला नसतो. या निःशंकपणाची छाननी करण्याचे कृष्णधवल छायाचित्र हे एक उत्तम साधन आहे, कारण ते पाहणाऱ्याच्या सवयीतला बराचसा आधार काढून घेते.

शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरते उघडले, तर कोसळणारे पाणी थेंबाथेंबांत सुटे होऊन हवेत थबकलेले दिसते. तेच शटर चार सेकंद उघडे ठेवले, तर थेंब नाहीसे होतात आणि कड्यावरून उतरणारा एक सलग, धुकट पांढरा पट्टा उरतो, ज्याला छायाचित्रकार दुधाळ पाणी म्हणतात. हे दुधाळ पाणी खोटे आहे, डोळ्यांना असे कधी दिसत नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. परंतु छायाचित्रणाच्या इतिहासात धबधब्याचे हेच रूप आधी आले. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात सुमारे १८ बाय २२ इंचांच्या काचांवर धबधबे टिपले, त्या काळी ओल्या कोलोडियनची पद्धत वापरली जात असे; म्हणजे काचेवर प्रकाशसंवेदी लेप देऊन तो ओला असतानाच छायाचित्र घेतले जाई, आणि तो लेप इतका मंद होता की प्रकाशाला काही सेकंदांचा अवधी द्यावाच लागे. तेव्हा पाण्याचे धुके होणे ही निवड नव्हती, सक्ती होती. शिवाय थबकलेले थेंबही डोळ्यांना दिसत नाहीत. मानवी दृष्टी या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे, त्यामुळे दोहोंपैकी एकाच चित्राला असत्य ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे जात नाही.

रंग वगळण्याचे प्रयोजन सह्याद्रीत विशेष स्पष्ट होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर थिजून बनलेला येथील बेसॉल्ट पावसात भिजला की जवळजवळ काळा होतो, त्यावरून उतरणारे पाणी पांढरे असते आणि मागे ढगांचा करडा पडदा असतो. निसर्गानेच निम्मे कृष्णधवल करून ठेवलेल्या या दृश्यात रंग म्हणून उरते ते केवळ गवताचे आणि शेवाळाचे हिरवेपण. ते हिरवेपण काढून टाकले की ऋतूची प्रसन्नता मागे पडते आणि स्थिर ते काळे, चल ते पांढरे, एवढाच भेद चित्रात राहतो. तो राखणे मात्र सोपे नसते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेली झोन पद्धती, म्हणजे निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पायरीवार विभागणी, अशा दृश्यासाठी फार उपयोगी पडते, कारण पांढऱ्याच्या शेवटच्या पायरीवर गेलेल्या पाण्यात काहीच तपशील राहत नाही. तेथे पाण्याऐवजी कोरा कागद दिसतो.

पाण्याचा हा पांढरेपणा नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांना, परका नव्हता. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त पाण्याचे रूप, म्हणजे केवळ डोळ्यांनी ग्रहण होणारा त्याचा गुण, अभास्वर शुक्ल असे सांगितले आहे, स्वतः न प्रकाशणारा पांढरा रंग तो अभास्वर शुक्ल, आणि अग्नीसारख्या तेजाचा तो भास्वर शुक्ल. यमुनेचे पाणी काळेसावळे दिसते त्याचे काय, या शंकेला ‘सिद्धान्तमुक्तावली’चे कर्ते विश्वनाथ उत्तर देतात की तो रंग पाण्याचा नसून आश्रयाच्या उपाधीमुळे, म्हणजे ज्या ठिकाणी ते पाणी आहे त्याच्या संसर्गामुळे, भासतो; तेच पाणी वर आकाशात उडवले तर पांढरे दिसते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात हा दाखला पावसाळ्यात वाराच देत असतो, कारण कोकणातून कड्यावर आदळणारा वारा खाली पडू पाहणाऱ्या धारेला उलट वर फेकतो आणि करडे दिसणारे ओढ्याचे पाणी हवेत पांढरेशुभ्र होऊन विखुरते.

निरीक्षण अचूक आहे. निष्कर्ष मात्र स्वीकारता येत नाही. पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे यांच्या असंख्य पृष्ठभागांवरून सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात विखुरतो, म्हणून फेस पांढरा दिसतो. हा पांढरेपणा एकट्या पाण्याचा नाही आणि एकट्या हवेचाही नाही. दोन्ही एकत्र आल्यावर तो उत्पन्न होतो आणि ती वेगळी होताच नाहीसा होतो. बौद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट अन्य गोष्टींच्या आधारानेच उद्भवते हा सिद्धांत, येथे नैयायिकांच्या गुणविचारापेक्षा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे. कृष्णधवल चित्रात धबधबा म्हणून जे दिसते ते पाणी नसून पाणी आणि हवा यांची भेट असते, असेच म्हणावे लागेल.

आता क्षणाकडे वळता येईल. बौद्ध आचार्य वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’त काळाचे जे कोष्टक आहे त्यानुसार १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र होते, म्हणजे एका दिवसरात्रीत ६४ लाख ८० हजार क्षण असतात आणि आजच्या मापाने एक क्षण सेकंदाचा ७५ वा भाग भरतो. हा आकडा कॅमेऱ्यावरील नेहमीच्या १/६० सेकंदाच्या किती जवळ आहे, हे छायाचित्रकाराच्या तत्काळ ध्यानात येईल. त्याच अनुभवावरून त्याला या मापाची अडचणही कळते. दहा मीटर खाली आलेल्या पाण्याचा वेग, हवेचा अडथळा सोडला तर, सेकंदाला सुमारे १४ मीटर असतो, तेव्हा वसुबंधूंच्या एका क्षणात ते सुमारे १९ सेंटिमीटर सरकते. त्या अवधीचे चित्र घेतले तर थेंबाच्या जागी वीतभर लांबीची पांढरी रेघ उमटते. क्षण अविभाज्य असेल तर त्यात हालचाल असू नये, आणि रेघ तर हालचालीचीच आहे. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागातही ती रेघ सात मिलिमीटर राहतेच. योगसूत्रांवरील ‘व्यासभाष्य’ बहुधा यासाठीच सेकंदासारखे माप टाळते आणि हललेला परमाणू आपली जागा सोडून लगतच्या जागी पोहोचण्यास जो काळ लागतो तो क्षण, अशी व्याख्या करते. त्यापुढचे भाष्यकारांचे विधान अधिक धाडसी आहे : दोन क्षण कधी एकत्र नसतात, म्हणून मुहूर्त किंवा दिवस नावाची वस्तू जगात नसते, ती बुद्धीने केलेली जुळणी असते. चार सेकंदांचे छायाचित्र ही अशीच जुळणी होय. त्यातला पांढरा पट्टा कोणत्याही एका क्षणी त्या कड्यावर नव्हता. आणि तरीही त्या पट्ट्यातील प्रत्येक ठिकाणी प्रकाश पोहोचला होता, तो कल्पिलेला नव्हता.

बौद्ध आचार्यांनी अशा जुळणीला संतान म्हटले. संतान म्हणजे एकसारख्या क्षणांची अखंड मालिका, जिच्यात आधीचा क्षण पुढच्याला जन्म देऊन नष्ट होतो. ‘हा तोच’ ही ओळख, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, त्यांच्या मते सादृश्याला एकत्व समजल्याने होते, जसे कापल्यानंतर पुन्हा उगवलेल्या केसांना आणि नखांना लोक तेच केस, तीच नखे म्हणतात. धबधब्याच्या बाबतीत हे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. दीर्घ अवधीच्या चित्रात जो आकार स्थिर दिसतो, तो पाण्याने धारण केलेला नसतो. कातळाची पायरी, मध्ये आलेला धोंडा, कड्याची खाच यांनी तो प्रत्येक नव्या पाण्यावर पुन्हा पुन्हा लादलेला असतो. धबधब्याची ओळख ज्यात राहते तो कातळ धबधबा नव्हे, आणि जो धबधबा आहे त्या पाण्यात ओळख राहत नाही.

याहून सखोल साम्य फिल्मच्या आत आहे. फिल्मवरील चांदीच्या क्षारांच्या कणावर प्रकाश पडला की चांदीचे मोजके अणू सुटे होतात. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात, आणि रसायनात बुडवल्यावरच ती प्रकट होते. बौद्धांच्या योगाचार पंथाच्या आचार्यांनी स्मृतीचा उलगडा करताना नेमकी हीच रचना सांगितली होती : प्रत्येक अनुभव आपली वासना, म्हणजे सुप्त ठसा, आलयविज्ञानात, म्हणजे चित्ताच्या साठवणीच्या थरात, सोडून जातो आणि योग्य निमित्त मिळताच ती वासना फळते. हे आलयविज्ञान एखादी स्थिर कोठी आहे असा समज होऊ नये म्हणून वसुबंधूंनी ‘त्रिंशिके’त त्याला जलप्रवाहाचीच उपमा दिली आहे. ठसे साठवण्यासाठी नित्य द्रव्य लागत नाही, स्वतः बदलत जाणारी वस्तूही ते करू शकते. चार सेकंदांत पालटत गेलेल्या आणि तरीही अख्खा धबधबा ग्रहण केलेल्या फिल्मकडे पाहिले की या म्हणण्यातील दुर्बोधता बरीच ओसरते.

शंकराचार्यांचा आक्षेप मात्र फिल्मपाशी थांबत नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील बौद्धमताच्या खंडनात ते स्मृतीच्या आधारे सांगतात की बाहेरच्या वस्तूबद्दल ‘ही तीच की तिच्यासारखी’ असा संशय येऊ शकतो, पण पाहणाऱ्याला स्वतःबद्दल ‘पाहिले तो मीच की माझ्यासारखा दुसरा’ असा संशय कधीच येत नाही. हे विधान फार काळजीपूर्वक केलेले आहे, कारण त्यात बाहेरच्या वस्तूंबद्दलचा मुद्दा बौद्धांना जवळजवळ देऊन टाकला आहे. धबधबा तोच नसेलही. परंतु चित्रातील करड्या छटांचा पुंज हा श्रावणातल्या त्या धारेचा, असे जो ओळखतो, तो दोन्ही वेळी हजर असल्याशिवाय ती ओळख घडत नाही. फिल्म साठवते, ओळखत नाही. छायाचित्राचा दाखला बौद्धांच्या बाजूने जितका पोहोचतो तितका तो धबधब्यापुरता पोहोचतो. पाहणाऱ्यापर्यंत तो नेणे ही त्या दाखल्यावर केलेली सक्ती ठरेल.

वेदान्ताच्या बाजूने एक सोपा दृष्टांत येथे सुचतो, तो म्हणजे ट्रायपॉडचा : कॅमेरा हलला तर कातळही पुसट होतो, म्हणून चल ते चल म्हणून दिसण्यासाठी पाहणारा साक्षी अचल हवा. दृष्टांत आकर्षक असला तरी त्यावर फार भार टाकता येत नाही. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८३४ मध्ये स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यापाशी नोंदवलेला अनुभव असा आहे की कोसळत्या धारेकडे काही वेळ टक लावून पाहिल्यावर नजर शेजारच्या खडकाकडे वळवली, तर तो खडक वर सरकताना दिसतो, आणि तरीही त्याची जागा बदलत नाही. पाहणारा जागचा हललेला नसतानाही त्याच्या दर्शनात गती शिरलेली असते. यावरून साक्षीचे खंडन होत नाही, कारण वेदान्ती म्हणेल की भ्रम डोळ्यांना झाला आणि तो भ्रम आहे हे जाणणारा वेगळाच. परंतु शरीराची किंवा इंद्रियांची स्थिरता म्हणजे साक्षीची स्थिरता नव्हे, एवढे त्यातून निश्चित होते, आणि ट्रायपॉड ही तर निव्वळ शरीराची स्थिरता आहे.

उपासनेच्या संदर्भात हा वाद वेगळे वळण घेतो. जपानमधील १३३ मीटर उंचीच्या नाची धबधब्यापाशी हिरो हे शिंतो देवस्थान आहे. तेथे देवतेसाठी गाभारा नाही, कारण तो धबधबाच देवता आहे. तेथे हात जोडणारा भाविक कोणाला नमस्कार करतो? समोरचे पाणी नमस्कार पुरा होण्याआधी कुंडात गेलेले असते. आपल्याकडे शिवपिंडीवर गळती टांगतात तेव्हाही महत्त्व त्या पात्रातल्या पाण्यापेक्षा न तुटणाऱ्या धारेला असते. नित्य आत्म्याचा कैवार घेणारे शंकराचार्यसुद्धा गीताभाष्याच्या बाराव्या अध्यायात उपासनेचे स्वरूप सांगताना तेलाच्या धारेसारखा एकसारख्या प्रत्ययांचा, म्हणजे मनातल्या सारख्या वृत्तींचा, प्रवाह असे सांगतात. जे नित्य आहे त्याच्याकडे जाण्याची वाटही प्रवाहाचीच आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केले. दीर्घ अवधीचे कृष्णधवल चित्र धार्मिक मनाला जवळचे वाटते त्याचे कारण या ठिकाणी शोधावे. त्यातला गूढपणा धुक्याने आणलेला नसून न तुटलेल्या धारेने आणलेला असतो.

प्रवासी छायाचित्रकाराला आणखी एका अडचणीला तोंड द्यावे लागते, जी वर्षभर वाहणाऱ्या नाचीपाशी येत नाही. सह्याद्रीतले बहुतेक धबधबे दिवाळीनंतर रोडावतात आणि चैत्रापर्यंत आटतात. त्याच जागी ट्रायपॉड लावून, तितकाच वेळ शटर उघडे ठेवून चित्र घेतले, तर कोरड्या कातळावर पाण्याच्या वाटेचा एक फिकट माग तेवढा उमटतो. गावकरी तरीही त्या कड्याकडे बोट दाखवून धबधबा तेथे आहे असेच म्हणतात. नैयायिक या स्थितीला प्रागभाव म्हणेल, म्हणजे उत्पन्न होण्यापूर्वीचा वस्तूचा अभाव, आणि तो अभाव प्रत्यक्ष दिसतो असाही त्याचा आग्रह राहील. बौद्ध तार्किक धर्मकीर्तींचा अनुयायी म्हणेल की दिसतो तो केवळ कातळ, अभाव हे न दिसण्यावरून काढलेले अनुमान आहे. कॅमेरा धर्मकीर्तींच्या बाजूने आहे, कारण त्याने कातळच टिपला. परंतु त्या चित्राखाली धबधब्याचे नाव लिहिणारा नैयायिकांच्या बाजूने आहे, आणि तो चुकत आहे असे म्हणण्यास आधार सापडत नाही, कारण ज्या मृगाच्या पावसाची तो वाट पाहत आहे तो येताच कातळाची तीच खाच नव्या पाण्याला तोच आकार देणार आहे.