शिंपल्यांची भिंत

फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे समुद्रकाठी स्पॅनिशांनी बांधलेला ‘कास्तिलो दे सान मार्कोस’ हा किल्ला उभा आहे. तटापाशी मी थबकलो तो त्याच्या दगडामुळे. दगड तरी कसला, एकमेकांत रुतून बसलेले असंख्य बारीक शिंपले. ‘कोकिना’ हे त्याचे नाव. समोरच्या अनास्तासिया बेटावरील खाणींतून तो आणला गेला. चुनाही शिंपले भाजूनच तयार केला गेला. १६७२ ते १६९५ अशी तेवीस वर्षे काम चालले, आणि त्यातील कष्टाचा मोठा भाग गुआले, तिमुकुआ व आपालाची या मूळनिवासी लोकांनी उपसला.

हा दगड मऊ आहे, आणि त्याचे सामर्थ्यही त्यातच आहे. कठीण पाषाण तोफगोळ्याने फुटतो. कोकिना गोळा पोटात घेतो आणि तडकत नाही. १७४० साली ओगलथॉर्पच्या ब्रिटिश सैन्याने २७ दिवस मारा केला, तरी तट ढळला नाही. हा किल्ला बळाने कधीच कोणाला घेता आला नाही. सत्तांतरे झाली ती लढाईविना.

त्या सहनशील दगडाविषयी आदर बाळगून मी आतल्या कोठड्यांत गेलो, आणि तिथे तो आदर अडखळला.

१७०२ च्या वेढ्यात बाहेर गाव जळत असताना सुमारे १५०० माणसे या तटाच्या आत जवळजवळ पन्नास दिवस तग धरून राहिली. त्यांच्यासाठी ही भिंत म्हणजे प्राण होता. पुढे किल्ला अमेरिकेकडे आला. १८३७ मध्ये सेमिनोल नेता ओसिओला वाटाघाटीच्या पांढऱ्या निशाणाखाली पकडला गेला आणि इथे डांबला गेला. १८८६ मध्ये सुमारे ५०० अपाचे लोक बंदी म्हणून आणले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. भिंत तीच, तिची जाडीही तीच. आश्रित आणि बंदी यांतला भेद दगडाला कळत नाही. कडी कोणत्या बाजूने लागते यावर तो भेद ठरतो, आणि कडी लावणारा हात माणसाचा असतो. म्हणून ‘अजिंक्य’ हा शब्द आता मला अपुरा वाटतो. किल्ला कोणाला शरण गेला नाही, एवढे सांगून त्याचा इतिहास पुरा होत नाही. आत कोण होते आणि ते कोणाच्या इच्छेने आत होते, हेही विचारणे आपले कर्तव्य आहे. बुरुजावरून दिसणारे निळे पाणी सुंदर आहे. पण कोठडीत थोडा अधिक वेळ थांबावे, अशी वाचकांना माझी विनंती आहे.

अपाचेंच्याही आधी, १८७५ ते १८७८ या काळात, मैदानी प्रदेशातील कायोवा, शायान आदी जमातींचे सत्तरहून अधिक बंदी इथे होते. त्यांचे केस कापले गेले, अंगावर लष्करी गणवेश चढवले गेले. हिशेबाच्या वह्यांत रंगीत पेन्सिलींनी ते चित्रे काढीत, आणि पर्यटक ती विकत घेत. समुद्राकाठच्या या तटाआड बसून त्यांनी घोडे रेखाटले, बायसनांच्या शिकारी रेखाटल्या, आणि ज्या गाड्यांतून त्यांना इथवर आणले गेले त्या आगगाड्याही.