रिकाम्या गाडीचा विचार आधी

मिरज

चि. सुहास,

तू पाठवलेला फोटो पाहिला. मागच्या उजव्या शॉकअपवरून तेल ओघळलंय आणि त्यावर भांबर्ड्याची माती थापून बसलीय. नुसता ओलसर थर असता तर मी बोललो नसतो, तेवढा चालतो. पण ओघळ आला म्हणजे सील गेलं. बदलायलाच हवा, आणि मागची जोडी एकदम बदल. एक नवा नि एक म्हातारा, असा संसार एका अ‍ॅक्सलवर टिकत नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. तंबू, पाण्याचे जार, सिलिंडर असं ओझं असतं म्हणून सगळ्यांत कडक परदेशी शॉकअप घालायचे आणि व्ही-क्रॉस पिकअप दोन इंच उचलून घ्यायची, असं तुझ्या मनात आहे. राजा, ओझं शॉकअप पेलत नाही, मागचे पाटे पेलतात. पाट्यांची उसळी आवरणं एवढंच शॉकअपचं काम. आतला दट्ट्या बारीक भोकांतून तेल ढकलतो, उसळीचा जोर तिथे जिरतो आणि तेल तापतं. दापोडीच्या एसटी कार्यशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. ड्रायव्हर ‘शॉकअप गेला’ असं लिहून द्यायचे, गाडी खड्ड्यावर घेतली की पाट्याचं पान तुटलेलं निघायचं. म्हणून आधी पाटे, त्यांचे बुश आणि यू-बोल्ट बघून घे. ऑस्ट्रेलियाचे ते ओल्ड मॅन इमूवालेसुद्धा पाटे वजनाप्रमाणे वेगवेगळे देतात आणि शॉकअप त्यांना जुळेल असा घ्यायला सांगतात.

आता मला काय सलतंय ते सांगतो. शनिवारी तू भरून जातोस, पण सोमवारी पौडला येताना हौदा रिकामा असतो. पिकअपचं मागचं अंग मुळात हलकं. त्यात शॉकअप फार कडक असला तर खड्ड्यावरून उडालेलं चाक रस्त्यावर नीट टेकतच नाही, टपटप उड्या मारतं. कोरड्या सरळ रस्त्यावर कंबर दुखेल, एवढंच. पण पावसाळ्यात ताम्हिणी घाटाच्या वळणावर तेच चाक हवेत असताना ब्रेक दाबलास तर मागचं अंग बाहेर फेकलं जातं. आणि तुमच्याकडचा पाऊस काय सांगावा! 2024 च्या जुलैत ताम्हिणीत एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या वर पडला. म्हणून दुकानात उभा राहशील तेव्हा भरलेली नाही, रिकामी गाडी डोळ्यांपुढे आण. मधल्या वजनाला बसतो तोच शॉकअप माग.

दोन नळ्यांचा घ्यावा की एका नळीचा, असं विचारलं होतंस. एका नळीच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबून भरलेला असतो, तो तेलापासून वेगळा राहतो. त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि उष्णता नळीतून लवकर बाहेर निघून जाते. लांबच्या खडबडीत वाटेवर तो थकत नाही. पण त्या नळीला दगडाचा खोल पोचा पडला की दट्ट्या अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरून पोचा आला तरी बहुधा आतलं काम चालू राहतं. निवे, पिंपरी, भांबर्डे हा तुझा पल्ला काही तासन्‌तास पळवायचा नाही, आणि दगड मात्र उडतात. मी असतो तर गॅसचा चांगला दोन नळ्यांचा घेतला असता. तुझ्या मित्रांना हे पटणार नाही, नको पटू दे.

गाडी उचलायचं मात्र मनातून काढ, बाळा. दोन इंच उचललीस की शॉकअपही लांब लागतो, नाहीतर चाक खाली लोंबताना तोच ताणून तुटायचा. पुढच्या चाकांचं अलाइनमेंट बिघडतं ते वेगळंच. शिवाय मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं बंधन आहे, पासिंगला आणि विम्याला नसतं लचांड. आणि तुझी वाट बघ, मुळशी धरणामुळे पलीकडच्या गावांना वळसे पडले. त्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापट लढले, पण वळसे राहिलेच. तेव्हा गाडी रस्त्यात पडून राहू नये याचंच महत्त्व जास्त. ती उंच दिसून कुणाचं भलं होणार?

बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभा राहा. गाडी जॅकवर असताना बुशचे बोल्ट नुसते हाताने लावून घ्यायचे आणि चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडीच्या वजनावर आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत हे बरेच जण करत नाहीत. पेटीवरचं सील बघ, पक्कं बिल घे, नकली माल भरपूर आहे.

मामीचं गुडघ्याचं दुखणं बरं आहे. आंबेमोहोर पाठवलास, त्याचा भात केला तेव्हा शेजारच्या काकू वास घेत आल्या. तुझी आई म्हणाली, तू रात्री उशिरा घाट उतरतोस. तेवढं जमेल तर टाळ.

जुना शॉकअप काढलास की टाकू नकोस. गाडी सपाट जागी उभी असताना वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर घे, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचंही, आणि मला फोनवर सांग. तोपर्यंत पैसे भरू नकोस.

तुझा,
मामा