तबकडीचा धनी कोण?

मनुष्याच्या मालकीच्या वस्तूंचे उपभोगाच्या दृष्टीने दोन वर्ग पाडता येतात. धान्य, तेल, अत्तर या वस्तू उपभोगाने संपतात. संपणे हेच त्यांचे साफल्य. ग्रंथाचे तसे नाही. तो दहा जणांनी वाचला तरी त्यातील एक अक्षरही उणे होत नाही. ग्रामोफोनची तबकडी मात्र या दोहोंच्या मधोमध उभी आहे. ती ऐकावी तर कणाकणाने झिजते, न ऐकावी तर मुकी राहते. व्हायनिलच्या तबकड्या आणि उंची टर्नटेबल यांचा छंद अलीकडे पुन्हा वाढीस लागला आहे. कोणते यंत्र घ्यावे, कोणत्या तबकड्या जमवाव्यात, याची चर्चा रसिकांत मोठ्या हौसेने चालते. आम्हांस त्या चर्चेआधीचा एक प्रश्न विचारावासा वाटतो. पैसे मोजून घेतलेल्या तबकडीचा खरा धनी कोण, आणि त्या धनीपणाबरोबर काही कर्तव्येही येतात काय?

हा प्रश्न नीट कळावयास झिजण्याची क्रिया थोडी समजून घेतली पाहिजे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत आणि त्यांत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. पोलादी सुई त्या पुडीवर घासून पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या आकाराची व्हावी, अशी ती योजना होती. म्हणून दर बाजूस नवी सुई लावावी असा दंडक होता. पुष्कळ घरांत काटकसर म्हणून एकच सुई पुनःपुन्हा वापरली जाई, आणि सुई वाचविण्याच्या नादात तबकडी खरवडून निघे. कर्ण्याच्या यंत्रात सुईवरील भार शंभर ग्रॅमच्याही वर जाई. आजच्या चांगल्या टर्नटेबलात तो दीड-दोन ग्रॅम असतो. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हायनिलची दीर्घ तबकडी बाजारात आणली. तिचा वेग मिनिटास ३३⅓ फेऱ्यांचा, खाच अरुंद आणि पोत मऊ. ती जुनी जड सुई तिला सोसवली नसती. तात्पर्य, ऐकणे आणि झिजविणे ही एकाच क्रियेची दोन नावे आहेत. यंत्र चांगले असेल तर झीज अत्यल्प होते, इतकेच.

या परिस्थितीत संग्राहकांचे दोन पंथ झालेले दिसतात. एक म्हणतो, तबकडी ऐकण्यासाठी आहे. हवी तशी, हवी तितकी वाजवावी. दुसरा म्हणतो, ही दुर्मिळ वस्तू आहे. ती कपाटात कुलूप घालून ठेवावी आणि पाहुण्यास फार तर दुरून तिचे लेबल दाखवावे. एक उधळ्या, दुसरा कृपण. वरवर पाहता हे परस्परांचे विरोधक. परंतु दोघांच्याही मुळाशी एकच समजूत आहे: ‘पैसे आम्ही मोजले, तेव्हा वस्तू आमची.’ ही समजूतच तपासून पाहिली पाहिजे.

पैसे कशाचे मोजले? लाखेचे, छपाईचे, दुकानदाराच्या नफ्याचे. गौहरजान यांनी १९०२ साली कलकत्त्यास पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी गाइले, तेव्हा जन्मभर तासातासांच्या बैठकी गाजविणाऱ्या गायिकेस सारा राग अवघ्या तीन मिनिटांत बसवावा लागला. त्या तीन मिनिटांमागे उभी असलेली वर्षानुवर्षांची तालीम किमतीत धरलेली नव्हती, धरताही आली नसती. आणखीही एक गोष्ट आहे. त्या काळच्या कित्येक गायिका ज्या समाजांतून आल्या, त्यांस प्रतिष्ठितांच्या पंगतीस पाट मिळत नसे. गोमंतकातील देवळांच्या सेवेतून वर आलेल्या कलावंत स्त्रियांची हीच कथा. त्यांचा आवाज मात्र तबकडीवर बसून त्याच घरांच्या दिवाणखान्यात आला, आणि घराने तो आनंदाने ऐकला. ज्या व्यक्तीचा मान राखला नाही तिचा सूर आपण घेतला. हे देणे दुकानातील पावतीने फिटले, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

मग ते कोणास फेडावयाचे? गाणारी तर निघून गेली. येथे आपल्या परंपरेतील ऋषिऋणाची कल्पना उपयोगी पडते. ऋषींचे ऋण ऋषींस परत करावयाचे नसते. ते अध्ययनाने आणि अध्यापनाने, म्हणजे मिळालेले पुढे पोचवून, फेडावयाचे असते. तबकडीचेही तसेच आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज आपणांजवळ नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांच्या गायकीची कल्पना आपण केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या मुद्रिकांवरून करतो. जेथे मूळ झराच आटला तेथे ओंजळभर पाणी ज्याच्या हाती उरले, तो त्या पाण्याचा मालक नव्हे, विश्वस्त होय.

विश्वस्ताची ही दृष्टी एकदा स्वीकारली म्हणजे यंत्राची निवड सोपी होते. उंची टर्नटेबलाचे पुरस्कर्ते म्हणतात की खाचेतून जे उचलले गेले नाही ते पुढचा कोणताही ध्वनिवर्धक निर्माण करू शकत नाही. हे म्हणणे यथार्थ आहे. म्हणून सुई, तिचा दांडा आणि फिरती थाळी यांवर खर्च करणे ही केवळ चैन नव्हे. वेग ढळता कामा नये. ७८ ऐवजी ७४ फेरे झाले तर गाणे जवळजवळ अर्ध्या सुराने उतरते. थाळी डळमळली तर यंत्राचा कंप गायिकेचे आंदोलन म्हणून आपल्या कानी पडतो. हे गाणाऱ्याविषयी असत्य बोलण्यासारखेच आहे.

परंतु किंमत आणि कर्तव्य ही बरोबरीने वाढत नाहीत. स्कॉटलंडात १९७२ पासून बनत आलेले लिन कंपनीचे एलपी१२ हे यंत्र जगभर नावाजलेले. त्यास ७८ चा वेगच नाही. म्हणजे मोठी रक्कम मोजलेल्या यंत्रापुढे केसरबाईंची जुनी तबकडी मुकीच राहावयाची! उलट १९५७ साली निघालेल्या थोरेन्सच्या टीडी १२४ या यंत्रास १६, ३३, ४५ आणि ७८ असे चारही वेग आहेत. शिवाय लाखेच्या रुंद खाचेस सुमारे तीन सहस्रांश इंचाची सुई लागते; व्हायनिलची सुई तिच्या तळाशी खडखडत राहते. तेव्हा ‘सर्वांत उंची कोणते?’ हा प्रश्न मागे ठेवून ‘आमच्याजवळ जे गाणे आहे त्यास न्याय देणारे कोणते?’ असे विचारावे. त्यापलीकडील खर्च आपल्या प्रतिष्ठेसाठी आहे. तो खुशाल करावा, पण त्यास संगीतसेवा म्हणू नये.

संग्रहाचेही तेच. परदेशी प्रसिद्ध तबकडीची पहिली आवृत्ती मिळविण्यासाठी धावणारे पुष्कळ आहेत. तिच्या प्रती सहस्रावधी असतील. पण आपल्या गावच्या माळ्यावर दमट हवेत बुरशी धरत पडलेली एखादी तबकडी कदाचित शेवटचीच असेल. ती उभी ठेवावी, उन्हापासून जपावी, आणि स्पिरिटने कदापि पुसू नये, कारण लाख त्यात विरघळते. मग ती ऐकवावी. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने श्रवणसभा घेऊन हीच वाट दाखविली.

कोणी म्हणेल, आता प्रती काढता येतात. मूळ तबकडीचे एवढे स्तोम कशाला? प्रत अवश्य काढावी. किंबहुना न झिजणारी प्रत हेच त्या पेचाचे बरेचसे उत्तर आहे. परंतु प्रत निघावयास कोणीतरी कुलूप उघडावे लागते, आणि उद्या अधिक चांगली सुई निघाली तर तीस मूळ खाचच लागणार. यंत्राने अडचण सोडविली. औदार्य मात्र मनुष्यानेच दाखवावयाचे आहे.

१९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात गेली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, आणि तीत गोव्यातील केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या मोठ्या चोखंदळ होत्या. त्याच वर्षी त्या निवर्तल्या. तबकडी पाठविणारांनी सोबत सुई ठेवली, आणि ती कशी वाजवावी हे चित्रांनी कोरले. कोण ऐकणार ते त्यांस ठाऊक नव्हते; कोणी ऐकेलच याचीही शाश्वती नव्हती. तरीही ऐकणाराची सोय त्यांनी आधी केली. आपल्या तबकड्यांचे श्रोते तर शेजारच्या घरातच आहेत. त्यांस बोलाविण्याइतके आपणांस अवघड ते काय आहे?